मधल्या जिन्याजवळचा टेकू

तो आमच्याकडे आला तेव्हा नवा नव्हता. अंगावर आधीच्या मुक्कामांचे चुन्याचे ओघळ होते, कमरेशी वाकलेले तीन खिळे होते आणि पायाजवळ कुणीतरी लाल रंगाने ‘१४’ असा आकडा घातला होता. कुठल्या इमारतीतला चौदावा, ते कधीच कळलं नाही. दोघांनी त्याला हातगाडीवरून उतरवलं, जिन्याच्या वळणावर तो अडला, कठड्याची एक फळी सोलवटून पुढे सरकला, आणि पहिल्या मजल्यावर भिंतीला टेकवून ठेवल्यावर दिवसभर तसाच उभा राहिला. गावाहून आलेला पाहुणा ट्रंक न उघडता दाराशी बसून राहतो, तसा.

गिरगावातली आमची चाळ म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले, सगळा सांगाडा लाकडी. अशा चाळी म्हाताऱ्या होतात त्या खांबांपासून नाही, तुळयांच्या तोंडांपासून. तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं त्याला हवा लागत नाही. मोरीचं पाणी मात्र वर्षानुवर्षं लागत राहतं. बाहेरून पाहाल तर तुळई ठणठणीत, तेलपाणी केलेली. आतलं तोंड मात्र भिजलेल्या खारीसारखं. मधल्या जिन्याजवळ दुसऱ्या मजल्याची गॅलरी पेलणारी तुळई अशीच निघाली. एका श्रावणात वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या लक्षात आलं की गॅलरीत ठेवलेली बादली आपोआप भिंतीकडे सरकते. तीन दिवसांनी टेकू आला.

लावायला आलेल्या मिस्त्रींना मी आधी नीट पाहिलंच नाही. मी पॉलिटेक्निकला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायचो, त्यामुळे टेकू कसा लावतात हे मला माहीत आहे असा माझा समज होता. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला सुचलाच नसता. “मास्तर, याच्या बरोबर खाली काय आहे?” खाली शिंप्याचं दुकान होतं. मिस्त्री उठले, खाली गेले, शिंप्याचं मशीन सरकवायला लावून तिथे आधी एक टेकू उभा केला आणि मगच आमच्या मजल्यावर आले. सरळ गोष्ट आहे. वरचं वजन आमच्या गॅलरीवर आणून सोडलं तर आमची तुळई ते कुणाकडे देणार? टेकू हा कधी एकटा नसतो. त्याच्या पायाखाली दुसरा, त्याच्या पायाखाली जमीन. शिंप्याने पुढे त्या खालच्या थोरल्या भावाला टेप अडकवायचा खिळा मारला आणि त्याचा राग सोडून दिला.

मग पाय आणि डोकं. पायाखाली सागाचा जाड ठोकळा, म्हणजे वजन एका फरशीवर न येता पसरेल. डोक्यावर तसाच आडवा पाट. आणि ठोकळा आणि टेकूच्या पायाच्या मध्ये पाचरींची जोडी, एक इकडून, एक तिकडून, एकमेकींच्या अंगावर उताणी-पालथी. मिस्त्री एकदा इकडच्या पाचरीला हातोडा मारायचे, एकदा तिकडच्या, आणि दर चार घावांनी थांबून टेकूला बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. सैल असताना तो ‘बद’ वाजायचा. हळूहळू आवाज चढत गेला. एका क्षणी टिचकी स्वच्छ, तापलेल्या तबल्यासारखी वाजली आणि मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला.

मी म्हटलं, अजून दोन घाव घाला की, गॅलरी जरा वर येईल. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “उचलायचं नाही मास्तर. फक्त घ्यायचं.”

खरं होतं ते. साठ-सत्तर वर्षांत खचत खचत इमारत ज्या आकारात रुळलेली असते तो आकार आता तिचा स्वतःचा असतो. टेकूने मर्दुमकी दाखवून तिला वर ढकललं की वरच्या मजल्यावरच्या भिंतींना तडे जातात. चांगला टेकू नम्र असतो. वजन जिथे असेल तिथेच, जसं असेल तसं अंगावर घेतो.

आटोपलं असं वाटलं. मिस्त्रींचं आटोपलं नव्हतं. त्यांनी डोळा मिटून टेकूकडे एका बाजूने पाहिलं, पंजाने त्याची रुंदी मोजली. दहा फुटांना बोटभर कमी उंची आणि जाडी चार बाय अडीच इंच. “पोरगा जरा शेलाटा आहे,” असं काहीतरी पुटपुटले. मग हातगाडीवरून एक फळी आणवली, दोन बोटं जाड, कुठल्या तरी खोक्यातून निघालेली, आणि टेकूच्या बरोबर पोटावर एक टोक खिळवून दुसरं टोक तिरकं खाली नेऊन शेजारच्या जुन्या खांबाच्या पायाशी ठोकलं. तीन खिळे इकडे, तीन तिकडे. एकूण पाच मिनिटं. टेकू लावायला अर्धा दिवस गेला होता, त्यामुळे ही फळी आम्हाला सगळ्यांना घडलेल्या कामाची शेपटी वाटली.

मुंबईत टेकू ही काही नवलाची वस्तू नाही. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या आणि उपकर भरणाऱ्या शहरातल्या इमारती नोंदवल्या गेल्या तेव्हा त्यांची संख्या १९,६४२ होती, आणि त्यातल्या बहुतेक १९४० च्याही आधीच्या. त्यातल्या उरलेल्या आज निम्म्या-अर्ध्या वयाच्या टॉवरच्या सावलीत उभ्या आहेत. दर पावसाळ्याआधी पाहणी होते, अतिधोकादायक इमारतींची यादी लागते, आणि गिरगाव, लालबाग, भायखळा, काळबादेवी या बाजूला फिरताना गॅलऱ्यांखाली एकेक टेकू वाढत जातो. राजकारणाने हा शब्द इथूनच उचलला असावा असं मला वाटतं. सरकारला टेकू दिला, टेकू काढून घेतला. दिल्लीतल्या बातमीत तो शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर पाचरीच येतात.

चाळीत माणूस आला की आठ दिवसांत त्याचं स्थान ठरतं. टेकूचं चार दिवसांत ठरलं. पोरांनी त्याला स्टंप केलं. पहिल्या खोलीतल्या आजींना संडासाकडे जाताना मध्ये हात टेकायला काही नव्हतं, आता मिळालं. दूधवाला पिशव्या त्याच्या त्या वाकड्या खिळ्यांना अडकवायला लागला. दोन महिन्यांनी कुणीतरी त्याला हळद-कुंकू लावलेलं दिसलं. कुणी ते कबूल केलं नाही. अंधारात त्याच्यावर आपटून बोट ठेचलं नाही असा माणूस मजल्यावर नव्हता, त्यामुळे त्याला शिव्याही भरपूर पडायच्या. आमच्याकडच्या एका आजोबांना शेवटी स्ट्रेचरवरून खाली नेलं तेव्हा टेकूमुळे वळण बसेना, स्ट्रेचर उभं करावं लागलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

तात्पुरता म्हणून आलेला तो अकरा वर्षं राहिला. याला जबाबदार आम्हीच. पुनर्विकासाच्या दर बैठकीत निम्मी चाळ एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या, आणि आणखी निम्मी घरी टीव्हीसमोर. हा हिशेब बसत नाही हे मला माहीत आहे. बैठकीतही बसायचा नाही.

त्या तिरक्या फळीला मात्र स्थान नव्हतं. ती मध्येच यायची. झाडू मारताना आडवी, सायकल लावताना आडवी. तिच्यावर हात टेकता येत नव्हता, काही ठेवलं तर घसरायचं. ती काही करते आहे असंही दिसायचं नाही. टेकूच्या डोक्यावरची तुळई डोळ्यांना दिसायची, त्याच्या अंगातला ताठरपणा हाताला कळायचा. फळीला टिचकी मारली तर ती नुसती लाकूड म्हणून वाजायची.

याच सुमाराला वर्गात एका मुलाने उभं राहून विचारलं, “सर, प्रॉप म्हणजे आधार आणि ब्रेस म्हणजेही आधार. मग पुस्तकात दोन शब्द कशाला?” मराठी माध्यमातून आलेला मुलगा. डिक्शनरी पाहून आला होता आणि डिक्शनरीने त्याला फसवलं होतं. मराठीत आपण दोघांनाही आधारच म्हणतो. फार तर टेकू, कोकणातली माणसं धिरा म्हणतील. पण तो मुलगा ज्या दोन शब्दांवर अडला होता त्यांची घराणी वेगळी आहेत, स्वभावही वेगळे आहेत.

प्रॉप हा शब्द इंग्रजीने डच लोकांकडून घेतला. तिकडे त्याचा जुना अर्थ द्राक्षवेलीला लावलेली काठी असा होता. म्हणजे मूळचा तो शेतातला शब्द, बांधकामावर नंतर आला. खालून उभं राहायचं आणि वरचं पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. केळीचा घड भरला की झाडाला बांबू लावतात, तो प्रॉप. वडाच्या पारंब्या जमिनीत रुतून फांद्यांना खालून उचलून धरतात, त्यांनाही वनस्पतिशास्त्रात प्रॉप रूट म्हणतात. (नाटकातले प्रॉप्स यांचे कुणी नव्हेत. ती प्रॉपर्टीची मोडतोड. आपल्या रंगभूमीवरची मंडळी अजून प्रॉपर्टी असंच म्हणतात आणि तेच बरोबर आहे.) प्रॉपचं नातं वजनाशी असतं. काढला की काय होईल हे लहान मुलालाही सांगता येतं.

ब्रेस आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने, आणि त्याचा मूळ अर्थ दोन हात, दोन बाहू. मिठी मारणं या अर्थाचा एम्ब्रेस त्याच घरातला, हातातलं ब्रेसलेटही तिथलंच. म्हणजे हा खालून उभा राहणारा नाही. हा कवेत घेणारा आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याचे इतर उद्योग सुटे वाटत नाहीत. विलायती साहेब पँट खाली घसरू नये म्हणून खांद्यावरून जे पट्टे घेतो आणि ज्यांना आपण गॅलिस म्हणतो, ते त्याच्याकडे ब्रेसेस. दातांना लावलेल्या तारा ब्रेसेस. त्या दात पेलत नाहीत, त्यांना ओळीत धरतात. गणितातला महिरपी कंसही ब्रेसच, आतल्या आकड्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा. आणि विमान आपटण्याच्या बेतात असताना प्रवाशांना ओरडून सांगतात ते ‘ब्रेस!’ म्हणजे अंग आवळून घ्या, डोकं खाली करा, हादरा येतो आहे. त्या क्षणी कुणी कुणाला उचलत नसतं. धिरा हा शब्द कानाला धीरच्या किती जवळचा आहे, असं तेव्हा मनात येऊन गेलं.

मुलाला हे सगळं आवडलं पण पटलं नाही. तो म्हणाला, सर, पण ब्रेस वजन घेत नाही तर मग करतो काय?

मी माझी प्लास्टिकची फूटपट्टी काढली. एक टोक टेबलावर उभं धरलं, दुसऱ्या टोकावर तळवा ठेवून दाबलं. थोडं दाबेपर्यंत पट्टी ताठ होती. मग एकदम, काही न सांगता, पोटातून बाहेर वाकली. ती तुटली नाही, चेंगरली नाही, तिला फक्त बाजूला पळायचं होतं. मुलाला जवळ बोलावून मी सांगितलं, पट्टीच्या बरोबर मध्यावर बोट लाव. दाबू नको, नुसतं लाव. मी पुन्हा दाबलं. पट्टी ताठ. आणखी दाबलं. ताठ. तळव्याला कड रुतायला लागली तरी ताठ. “तुझ्या बोटाला किती जोर लागतोय?” मुलगा म्हणाला, काहीच नाही सर, नुसतं टेकलंय.

लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली याचा हिशेब मांडला, तोही खांबांसाठी म्हणून नव्हे, वाकणाऱ्या लवचिक पट्टीच्या वळणाचा अभ्यास करताना. सडपातळ खांब किती वजनाला वाकेल हे त्याच्या उंचीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतं. उंची निम्मी केली की बळ चौपट, एक तृतीयांश केली की नऊपट. मध्यावर बोट लावलं की पट्टीच्या दृष्टीने तिची उंची निम्मी होते. बोटाने एक ग्रॅमही उचललेला नसतो आणि तळव्याखालचं वजन चौपट झालेलं असतं. (जाडजूड, बुटक्या खांबाला हा नियम लागत नाही. तो वाकण्याआधी चेंगरतो. परीक्षेत हे विसरलं की मी दोन गुण कापायचो.) प्रत्यक्ष कामात खांबावर जेवढा भार, त्याच्या दोन-अडीच टक्के एवढ्याच जोराला पुरेल असा आडवा अटकाव धरतात. शंभरच्या शंभर अंगावर घेणारा दिसतो. बाजूच्या त्या अडीचावाचून तो ताठ राहत नाही.

वर्गात मी नेहमी पुढे क्वेबेकची गोष्ट सांगायचो. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर तेव्हाचा सर्वांत मोठ्या गाळ्याचा कँटिलिव्हर पूल बांधला जात होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी, दिवसाचं काम संपता संपता, त्याची दक्षिण बाजू नदीत कोसळली आणि ७५ कामगार गेले. खालच्या बाजूचे दाब झेलणारे पोलादी पट्टे अवाढव्य होते, कागदावर पुरेसे होते. प्रत्येक पट्टा वेगवेगळ्या पत्र्यांचा बनवलेला, आणि ते पत्रे एकमेकांना बांधून ठेवायला मध्ये बारीक, तिरक्या, बुटाच्या नाड्यांसारख्या विणलेल्या पट्ट्या. त्यांना लेसिंगच म्हणतात. त्या कमी पडल्या. महाकाय पत्रे त्या फूटपट्टीसारखेच बाजूला पळाले. काही दिवस आधीपासूनच वाकलेलं दिसत होतं, पत्रव्यवहार झाला होता, सल्लागार इंजिनिअरने न्यू यॉर्कहून तारही केली होती. पण ती पुलावर न जाता पेनसिल्व्हेनियात, पोलाद पुरवणाऱ्या कारखान्याकडे गेली. हे सांगताना मी फळ्यावर एक जाड रेघ काढायचो आणि तिला छेदत बारीक तिरक्या रेघा, आणि मुलं जाड रेघ वहीत उतरवायची.

उलट उदाहरणही आहे. शिकागोत १९६९ साली झालेल्या शंभर मजल्यांच्या जॉन हॅनकॉक इमारतीवर ब्रेस चक्क दर्शनी भागावर आहेत, खालपासून वरपर्यंत चढत गेलेल्या प्रचंड फुल्या. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर खान यांनी त्या आखल्या. वाऱ्याने इमारत डोलू नये म्हणून त्या आहेतच, पण त्या वजनही उचलतात. म्हणजे तिथे ब्रेसने प्रॉपचीही नोकरी धरली आहे. माझी वर्गातली स्वच्छ वाटणी त्या इमारतीपुढे चालत नाही, आणि हुशार मुलगा ते विचारायचाच. काही घरांच्या खिडकीतून ती तिरकी तुळई आडवी जाते. तिच्यासाठी रहिवासी कुरकुरतात की मिरवतात, तिकडे जाऊन राहणाऱ्यांना माहीत.

एवढं सगळं शिकवून मी संध्याकाळी घरी यायचो, आमच्या टेकूशेजारून, ती फळी ओलांडून.

सातव्या का आठव्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद. चाळीच्या गणपतीच्या मखराची कमान करायला पोरांना एक लांब फळी कमी पडत होती. बाजारात जायला वेळ नव्हता, मूर्ती रात्री येणार होती. दोघं-तिघं माझ्या दाराशी आले. “सर, ती जिन्याजवळची तिरकी काढली तर चालेल का? विसर्जनानंतर परत ठोकतो.” मी पेपर तपासत होतो. मान वर न करता विचारलं, “टेकूला तर हात लावत नाही ना?” नाही सर, टेकूला नाही. “मग घ्या,” मी म्हटलं.

पोरांनी सहा खिळे उपसले. फळीला सोनेरी कागद लागला, थर्माकोलची वेल लागली. पाच दिवस ती गणपतीच्या डोक्यावर झळकली. तिच्या आयुष्यात तिच्याकडे इतक्या लोकांनी हात जोडून पाहिलं नसेल. विसर्जनाच्या दिवशी गल्लीतून मिरवणूक निघाली आणि वरच्या गॅलरीत माणूस माणसाला खेटून उभा राहिला, मावशी, त्यांच्या सुना, पाहुणे, कडेवरची पोरं. मीही तिथेच होतो. गुलालाने माझा चष्मा लाल झाला होता.

फळी परत ठोकायची राहिली. दिवाळी जवळ आली तेव्हा मिस्त्री पाचरी पाहायला आले. दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा यायचे. लाकूड उभं फारसं आटत नाही, आडवं आटतं, म्हणून टेकू तेवढाच राहतो पण पाचरी आणि ठोकळे सुकून सैल होतात, त्यांना दोन-दोन घाव द्यावे लागतात. त्या दिवशी त्यांनी हातोडा काढलाच नाही. खिशातून ओळंबा काढला, टेकूच्या डोक्याशी दोरी धरली आणि खाली सोडली. वरून अर्ध्यापर्यंत दोरी टेकूपासून लांब होत गेली, मग पुन्हा जवळ आली. मध्यावर दोरी आणि लाकूड यांच्यात माझं अख्खं बोट गेलं असतं. फुटलेली एक चीर टेकूच्या फुगलेल्या बाजूने वीतभर उभी पळाली होती. आम्ही दीड महिना रोज त्याच्याशेजारून जात होतो आणि पोटातून तो वाकलाय हे एकालाही दिसलं नव्हतं. सरळ समजून घेतलेल्या वस्तूकडे कोण पाहतं?

“इथली तिरपी कुठे गेली?” मिस्त्रींनी विचारलं.

माझ्या घरचं चहाचं आधण उकळत होतं आणि मला सांगावं लागलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “तुम्ही शिकवता ना हे?” एवढंच म्हणाले, आणि ते खरोखर विचारत होते, टोमणा नव्हता. मग शेजारी दुसरा टेकू आणून आधी त्याच्यावर वजन घेतलं, आमच्या म्हाताऱ्याच्या पाचरी ढिल्या केल्या. वजन उतरल्यावर तो बराचसा आपण होऊन सरळ झाला. सगळा नाही. उरलेला बाक त्याने शेवटपर्यंत ठेवला. चिरेवर लोखंडी पट्टी आवळली, पुन्हा पाचरी चढवल्या आणि पोरांनी शोधून आणलेली फळी, कडेला अजून सोनेरी कागदाची कपटी चिकटलेली, पूर्वीच्याच भोकांशेजारी ठोकली. या वेळी सहाऐवजी आठ खिळे.

दुसरा टेकू लोखंडी होता, नळीत नळी घातलेला, भोकात खीळ घालून आणि आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा. साइटवर त्याला जॅक म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा टेकूंना अॅक्रो म्हणून ओळखतात. १९३० च्या दशकात एका स्विस इंजिनिअरने तो तिथे आणला आणि कंपनीला आपलं नाव न देता आपल्या वकिलाचं, ए. क्रो यांचं दिलं, असं सांगतात. टेकूच्या धंद्यात वकिलाचं नाव लागावं हे मला चुकीचं वाटत नाही. हा लोखंडी पाहुणा आठ दिवसांत परत गेला. त्याला पाचरी लागत नव्हत्या, आवाज नव्हता, कुणी त्याला हळद-कुंकू लावलं नाही. त्याच्याशी कुणाची ओळखच झाली नाही.

शेवटी चाळ रिकामी झाली. बैठका कशा संपल्या ते सांगण्यासारखं नाही. सगळे दमले आणि सह्या झाल्या. आम्ही सामान खाली नेत होतो त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं आपलं लाकूड उचलायला आली. त्यांत मिस्त्री नव्हते. एक तरुण मुकादम वहीत मोजून घेत होता. टेकू सहा, पाचरी बारा, ठोकळे बारा. आमच्या टेकूच्या पाचरी दोन घावांत निघाल्या. तो सुटा झाला तेव्हा डोक्याशी कोरडं काहीतरी कुरकुरलं आणि तुळईवर त्याच्या पाटाचा एक चौकोन दिसला, आजूबाजूच्या काळ्या, तेलकट लाकडात ताज्या सागाच्या रंगाचा. अकरा वर्षं तिथे धूर पोचला नव्हता. टेकूला आडवा धरून जिन्यावरून नेताना तो वळणावर पुन्हा अडला, पण आता सोलवटायला कठड्यालाच फळ्या उरल्या नव्हत्या.

फळी खांबाला लटकत राहिली होती, एका टोकाच्या खिळ्यांवर. मी मुकादमाला हाक मारली. म्हटलं, अहो, ही पण तुमची. त्याने वहीत पाहिलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“यादीत नाही. ठेवा तुम्हाला हवी तर.”

सध्या राहतो त्या भाड्याच्या घरात पुस्तकांची मांडणी एका बाजूला झुकायची. मी ती फळी तिच्या पाठीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी ठोकली आहे. भिंतीच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. जुनी भोकं कापसाने बुजवून घेतली, आणि सोनेरी कागदाचं एक कपटं निघता निघेना, ते तसंच राहू दिलं.